त्याच्या घरचा लाहा

दगड मांडून झाला की तो त्याच्यावर बसायचा. नुसता टेकायचा नाही, चांगली पाच मिनिटं. विडी पेटवायचा, या बाजूला भार टाकायचा, त्या बाजूला टाकायचा. दगड जरा जरी डुगडुगला की उठून पुन्हा उकरायचा. मी एकदा वैतागून म्हणालो, "बाबा, दर पायरीला एक विडी ओढलीत तर काम कधी संपायचं?" तर म्हणाला, "सायेब, मी पडलो तर चालेल. पाहुणा पडायला नाय पायजे."

पर्यटकांना तो पाहुणाच म्हणायचा. आम्ही तिकीट फाडून आत सोडायचो, पण त्याच्या लेखी आलेला माणूस पाहुणा.

मोलगीच्या पुढे, सातपुड्याच्या कुशीत एका धबधब्याच्या जागेवर माझी नेमणूक होती. तिकीटखिडकी, पायऱ्या, कठडे, बाकडी, सगळं माझ्याकडे. होळी झाली की धबधब्याची धार सुतासारखी होते आणि माणसं यायची थांबतात. तुम्हाला वाटत असेल, गेट बंद म्हणजे आमची मजा. अहो, खरी हमाली तेव्हाच. पावसाने नेलेल्या पायऱ्या, माकडांनी वाकवलेले फलक, रील काढायला कठड्यावर चढणाऱ्या बहाद्दरांनी खिळखिळे केलेले गज, सगळं होळी ते मृग एवढ्यात उरकायचं. आणि यात पायऱ्यांचं काम त्याचं. बाजूच्या पाड्यावरचा रोजंदारी मजूर, साठी उलटलेला, काटकुळा. लेव्हलची नळी लावून मी जे सांगायचो ते तो उकिडवा बसून नुसत्या डोळ्यांनी सांगायचा. बहुतेक वेळा त्याचंच बरोबर निघायचं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी शहाद्याकडचा, घरी अहिराणी. तो घरी भिली बोलणार. आमची गाठ पडायची मराठीत, आणि त्याच्या मराठीत 'तुम्ही' नव्हतंच. मला 'तू', मोठ्या साहेबालाही 'तू'. आमचा गार्ड माझ्याच गावाकडचा. तो कपाळाला हात लावायचा. "साहेब, हाऊ बाबा कोनंच ऐकत नही." मला मात्र ते 'तू' आवडायला लागलं होतं. बाकी कोणी मला प्रेमाने तू म्हणेल असं तिथे होतं तरी कोण?

एकदा वरून झिपलाइनचा प्रस्ताव आला. दरीवर दोर, त्याला लोंबकळत पाहुण्याने पलीकडे जायचं. मी त्याला चित्र दाखवलं. बराच वेळ बघून तो काळजीने म्हणाला, "पाहुण्याच्या गावाला झाड नाय का?" गार्ड आणि मी आठवडाभर हसत होतो.

त्या वर्षी पावसाने अर्ध्या पायऱ्या दरीत नेल्या आणि मंजुरी काही येईना. होळी गेली, चैत्र गेला. मी रोज फोन लावून कंटाळलो. तो म्हणाला, "लाहा लाव."

लाहा म्हणजे काय, हे त्याने मला पायरीवर बसवून समजावलं. ज्याचं काम अडलं त्याने पाड्यावर सांगायचं. सगळे येतात, काम करतात, घरधनी त्यांना जेवू घालतो. मजुरी नाही. उद्या त्यांच्यातल्या कोणाचं अडलं की घरधन्याने जायचं. "आज ते तुझ्याकडे, उद्या तू त्यांच्याकडे." एवढं स्पष्ट सांगितलं होतं त्याने. मी मान डोलावली. माझं सगळं लक्ष पायऱ्यांत.

ठरल्या दिवशी पाडाच्या पाडा उतरला. बाया, म्हातारे, आपापली टिकाव-घमेली घेऊन. आम्ही डाळभात शिजवला. तो सगळ्यांमध्ये फिरत होता, एकेका दगडावर बसून बघत होता, आणि त्या दिवशी तर विड्या संपून गेल्या त्याच्या. जेवणाला मी पहिल्या पंगतीला बसलो तर त्याने मला दंडाला धरून उठवलं. "तू घरधनी. तू मागून." संध्याकाळी पायऱ्या उभ्या. मी फोटो काढले, अहवाल पाठवला. अहवालात लिहिलं, श्रमदान. त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "दान नाय सायेब. तुझी पाळी राहिली."

मी हसलो. काय म्हणून हसलो असेन मी?

वैशाखात वावधान आलं आणि त्याच्या घराची कौलं उडाली, आढं सरकलं. घरात बायको दम्याची. एक पाऊस जरी अंगावर पडला तरी ती उठणार नाही, हे त्याला माहीत होतं. तो ऑफिसात आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, पाड्यावरची तरणी माणसं गुजरातेत कामाला गेलीत, उरलेत म्हातारे. मोलगीच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लाहा लावलाय. "तू, गार्ड, डायवर, तिकीटवाला. चार माणसं. आढं चढेल."

"येतो बाबा," मी म्हणालो. "नक्की येतो."

आदल्या संध्याकाळी फोन आला. उद्या दुपारी मोठे साहेब पाहुणे घेऊन नव्या पायऱ्या बघायला येणार. आता मला सांगा, नाही म्हणता आलं नसतं का? निदान गार्ड आणि ड्रायव्हरला तरी पाठवता आलं असतं. पण मला सगळे हाताशी हवे होते. फुलं लावायची होती, चहा करायचा होता. मी गोदामातली नवी निळी ताडपत्री जीपने त्याच्या पाड्याला पाठवून दिली, ड्रायव्हरला ती देऊन लगेच परत यायला सांगितलं. वर स्वतःवर खूशही झालो, की बघा, आपण विसरलो नाही.

साहेब पायऱ्यांवरून खाली उतरले, वर आले. म्हणाले, छान काम. मी म्हणालो, लोकांचा सहभाग चांगला आहे सर. त्या लोकांमधल्या एकाचंही नाव माझ्या तोंडून निघालं नाही.

तिकडे काय झालं ते मला मागाहून कळलं. त्याने बकरं कापलं होतं. चार पानं जास्तीची मांडली होती. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो वाटेकडे बघत राहिला. मग पश्चिमेला आभाळ भरून आलं तसा दोन म्हाताऱ्यांना घेऊन स्वतःच वर चढला. आढं जागेवर बसलं. अर्ध्या बाजूची कौलंही झाली. मग पाय घसरला.

खुबा मोडला होता. झोळीत घालून मोलगीला आणला, तिथून नंदुरबारला. मी दवाखान्यात गेलो. सफरचंदं नेली होती. कॉटजवळ उभा राहिलो. त्यानेच मला बसायला सांगितलं. म्हणाला, "तुला काम होतं सायेब. मला कळलं." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. खरंच सांगतो, एक सणसणीत शिवी हवी होती मला.

चार दिवसांत तो हट्टाने घरी गेला. पुढे भर पावसात, रस्ता तुटलेला असताना, अंथरुणातच वारला. आम्हाला आठ दिवसांनी कळलं. धबधबा तेव्हा भरात होता, गेटवर गाड्यांची रांग होती, आणि मी तेव्हाही गेलो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच घडलं.

होळीनंतर गेट बंद झालं तेव्हा गार्ड आणि मी रजा टाकून पाड्यावर गेलो. अर्ध्या छपरावर कौलं, अर्ध्यावर आमची ताडपत्री, उन्हाने विटलेली. त्याची बायको अंगणात होती. जगली होती बिचारी. मी म्हणालो, "माय, काम सांग. राहिलेलं छप्पर करतो आम्ही."

तिने मान हलवली. मुलगा तिला गुजरातेत न्यायला येणार होता. खांब आणि कौलं दिराला द्यायची ठरली होती. म्हणाली, "घर उतरवायचं हाय."

मग शिडी लावून मी वर चढलो. आधी ताडपत्री सोडली. मग एकेक कौल काढून खाली गार्डच्या हातात देत गेलो, आणि गार्ड तिच्याजवळ रचत गेला. त्याने बसवलेलं आढं पक्कं होतं, सुटता सुटेना. त्यालाच काय तो वेळ लागला.

सवयीची नसलेली दोन माणसं आम्ही, तरी जेवणवेळेच्या आत सगळं उरकलं. खाली उतरून हात धुतले आणि घड्याळात बघितलं. एवढंच काम होतं. त्या दिवशी आम्ही चौघं आलो असतो तर सकाळीच संपलं असतं, आणि दुपारी साहेबांच्या स्वागतालाही वेळेवर पोचलो असतो.