वस्तीच्या नावापुढची हिरवी खूण

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तापतं.

दुष्काळाचं साल होतं. देवगाव रंगारीकडच्या एका मेंढपाळ वस्तीतल्या बाईला आमच्या ठाण्यात आणलं. फिर्याद टँकरच्या ड्रायव्हरची. दुसऱ्या गावाला चाललेला टँकर बाईनं अडवला, दगडानं काच फोडली आणि वस्तीतल्या बायांनी घागरी भरून नेल्या. वस्तीला तर आपण रोज पाणी देतो, तरी यांचा माज बघा, असं त्याचं म्हणणं. ठेकेदारानं मोबाइलवर टँकरचं ॲप उघडून दाखवलं. वस्तीच्या नावापुढं रोज हिरवी खूण, 'पाणी पोहोचले'. वस्तीचा टँकरच बंद करा, असा अर्जही त्यानं वर धाडला होता.

बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "व्हय, फोडली काच. पाणी आलं असतं तर मला काय काचा फोडायची हौस हाय? लेकरं गाळ गाळून पितात."

आता बघा, आरोपी आधी 'मी नाही त्यातला' म्हणतो. गुन्हा सरळ कबूल करणारी बाई पाण्याबद्दल खोटं कशाला बोलेल?

खबर मिळाली ती आमच्या हवालदाराच्या मेहुण्याकडून. तो शेंद्र्याकडं एका नव्या इमारतीवर वॉचमन. हाच ड्रायव्हर रोज तिथं टँकर रिकामा करतो, असं त्यानं सांगितलं. वस्तीची लेकरं तहानलेली आणि पाणी कुणाच्या विटा भिजवत होतं!

ड्रायव्हरला समोर बसवलं. त्याचा आवाज मोठा. "मॅडम, कोड टाकल्याबिगर खूण हिरवी होत नाय. अन् कोड वस्तीच्या फोनवर जातो." कुठल्या फोनवर, एवढंच मी विचारलं. त्यानं प्यायला पाणी मागितलं. दिलं मी. आपण नाही कुणाचं पाणी तोडत.

मग क्रांती चौकातल्या ऑफिसातून ॲप बनवणाऱ्याला बोलावलं. चांगल्या घरचा, अदबशीर मुलगा. मी शिपाई म्हणून भरती झालेली, संगणक दोन बोटांनी फिर्यादी टाइप करत शिकलेली. त्याच्या लॅपटॉपवर वस्तीचं नाव निवडलं आणि फोनच्या रकान्यात माझाच नंबर टाकला. कोड माझ्या मोबाइलवर आला. तो भरला, खूण हिरवी झाली, आणि ठाण्यात बसल्या बसल्या वस्तीला पाणी पोहोचलं. बाकावर बसलेली ती बाई बघतच राहिली.

"वस्तीचा फोन तुमच्याकडं नोंदवलेला नाही?"

"आहे ना मॅडम. पण तो वेगळ्या तक्त्यात आहे. हे दोन तक्ते एकमेकांना जोडायचं राहून गेलं. दहा आकडे आले की ॲप घेतं."

"कुणाचेही दहा आकडे?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. मी अशी ओरडले की ठाणे अंमलदार उठून आत आला.

ड्रायव्हर रोज स्वतःचाच नंबर टाकत होता. लॅपटॉप बघून तो ढेपाळला, ठेकेदाराचं नाव सांगून मोकळा झाला. दोघांवर गुन्हा दाखल केला. काचेच्या गुन्ह्यात बाईला जामीन मिळाला. वस्तीचा टँकर वाचला. मुलानं तक्ते जोडले. आता कोड फक्त वस्तीच्या नोंदलेल्या फोनवर जाणार. मला वाटलं, मिटलं.

आणि नव्या ड्रायव्हरचा फोन आला. टँकर भरून वस्तीवर उभा आहे, पण कोड येत नाही, आणि कोडशिवाय पाणी सोडलं तर माझी खेप बाद होते. मी त्या मुलाला जीपमध्ये घातलं आणि वस्तीवर गेले. बाया रिकाम्या घागरी घेऊन भरल्या टँकरपुढं उभ्या. नोंदलेला फोन बाईच्या नवऱ्याचा, अख्ख्या वस्तीत तेवढाच एक. दुष्काळात गडी मेंढरं घेऊन गोदाकाठाला जातात, फोनही त्यांच्याबरोबर जातो. हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. विचारलं कुणी होतं?

बाई मला म्हणाली, "मॅडम, त्या दिशी तुमच्या फोनात पाणी आलं व्हतं. आता आमच्या घागरीत बी येऊ द्या."

मी ड्रायव्हरला म्हटलं, कॉक उघड, कुणी विचारलं तर माझं नाव सांग. मुलगा हळूच त्या बाईला म्हणाला, "मावशी, मग कोड कुणाला पाठवू?"

"कोड कशाला? मला हाक मारा. मी हितंच असते."

नोकरीत मी पुष्कळ पुरावे तपासले. पण त्यानंतर पाण्याच्या कुठल्याही तक्रारीत घागर बघितल्याशिवाय मी पंचनाम्यावर सही केली नाही.