अमावास्येची चेन

त्या मंगळवारी बाबा शाळेत पोचले नाहीत. शाळेच्या अलीकडच्या चढणीवर सायकलची चेन सरकली आणि ते पडले. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. चेन मी बदलली होती.

बाबा जाऊन आता दहा महिने झाले. इतकी वर्षं ही चार वाक्यं मी कुणाला सलग सांगितली नाहीत. बाबांना तर नाहीच.

आमचं घर वेंगुर्ल्यात आणि बाबांची शाळा आत, काजूच्या डोंगराला लागून असलेल्या एका खेड्यात. चौथीपर्यंतची शाळा, एकच मास्तर. रोज जाऊन येऊन आठ मैल. सायकल लढाईच्या आधीची, विलायती, बाबांनी एका निवृत्त कारकुनाकडून घेतलेली. तिचं सगळं जुनं होतं, पण सगळ्यात जुने होते तिचे दात. पुढचं चक्र आणि मागच्या चाकाचं दातेरी चक्र, ज्याला आमच्याकडे फ्री म्हणतात, ही दोन्ही बाबांनी कधी बदलली नव्हती. चेन मात्र दोन होत्या. एक सायकलवर, दुसरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. दर अमावास्येला ते त्यांची अदलाबदल करत.

त्या दिवशी संध्याकाळी पडवीत गोणपाट पसरलं जायचं. उतरवलेली चेन घासलेटात बुडवून, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून, ते तिला कोंबडीच्या पिसाने उंडीचं तेल लावत. खारा वारा लोखंड खातो आणि त्यावर उंडीच्या तेलासारखं दुसरं काही नाही, असं त्यांचं मत होतं. होड्यांना लावतात तेच हे तेल. त्याचा कडवट वास दोन दिवस घरात राहायचा. मग शाळेची लाकडी फूटपट्टी चेनवर ठेवून ते मोजत. एका फुटात चोवीस कड्या. चोविसावी पट्टीच्या बाहेर किती डोकावते ते बघून दुसऱ्या चेनशी ताडून पाहायचं. दोन्ही सारख्या झिजल्या पाहिजेत आणि दात त्यांच्याबरोबर झिजले पाहिजेत, म्हणजे कुणाला कुणाचा जाच होत नाही.

आई म्हणायची, "माका वर्षात एक लुगडा, आणि हिका दर अमाशेक तेलपाणी."

"ती काय बोलणा नाय ना," बाबा चेनवरून मान वर न करता म्हणायचे.

पण ती बोलायची. झिजलेली चेन झिजलेल्या दातांवरून सरकत नसे, पण सैल पडल्यामुळे पत्र्याच्या झाकणावर आपटायची. कट्-कट्, कट्-कट्. चढणीवर सावकाश, उतारावर भरभर. बाबांच्या शाळेतली मुलं तो आवाज ऐकून पाट्या पुढ्यात घ्यायची. लहानपणी मागच्या कॅरिअरवर बसून त्या आवाजाच्या तालावर मी पाढे म्हणत असे.

अध्यापनाचा कोर्स करायला मी कोल्हापूरला गेले. तिथे सायकली आवाज करत नव्हत्या. परत येऊन मुलींच्या शाळेत नोकरीला लागले. शाळा बाबांच्या वाटेवरच होती, म्हणून ते मला कॅरिअरवरून सोडत आणि पुढे जात. फाटकाशी मुली आणि शिक्षिका उभ्या असायच्या. वळणाच्या पलीकडे असतानाच आम्ही ऐकू जायचो.

आमच्यातल्या एक वयस्क बाई विनोदी होत्या. एकदा मी उतरता उतरता त्यांनी बंदराकडे बघावं तसं कपाळावर हात आडवा धरला. "बोट लागली गो. मुंबयचे उतारू खंय आसत?" मुली हसल्या. बाबाही हसले. "उतारू एकच आसा बाईंनू, सांभाळून घेया," असं म्हणून ते निघाले. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत दोन मुली तोंडाने कट्-कट् करत होत्या. मी त्यांना रागावले नाही. मी त्या आवाजाशी माझा काही संबंध नाही अशा चेहऱ्याने आत गेले.

त्यानंतर बाबांच्या मागे मी चेन बदलण्याची भुणभुण लावली. ते नव्याच्या विरुद्ध होते असं नाही. इतकी वर्षं माझ्या मनात ही गोष्ट जुन्या-नव्याची म्हणून राहिली, कारण तसं मानणं मला सोयीचं होतं. ते एवढंच म्हणाले होते, "बदलूची तर तिन्ही एकदम. चेन, फ्री आणि पुढचा चक्र. अर्धा नवा घालून चलना नाय." आणि मग, "सध्या चलता ना बाय? चलांदे."

बक्षीस समारंभाची तारीख लागली. सोमवारी सकाळी पाहुणे यायचे होते आणि फाटकाशी स्वागताला मला उभं केलं होतं. त्या फाटकाशी रोजच्यासारखं कट्-कट् करत उतरायचं नाही, असं मी ठरवलं. रविवारी दुपारी बाबा देवळात भजनाच्या सरावाला गेले. मी सायकल बाहेर काढली, पडवीतला बिस्किटांचा डबा कॅरिअरला बांधला आणि बाजारातल्या सायकलच्या दुकानापर्यंत चालवत नेली. डबा नेला तो दुकानदाराला देऊन टाकायला. म्हणजे परत जुनं बसवायची वाट राहू नये.

दुकानदाराने मागचं चाक उचलून फिरवलं, दातांवरून अंगठा फिरवला. प्रत्येक दात एका अंगाला झिजून बोरीच्या काट्यासारखा झाला होता.

"ह्येच्यार नवी चेन बसाची नाय. सपाटीर चलात. चढणीर जोर लावलो की सरकतली. फ्री बदलूक होयी."

"मग फ्री बदला," मी म्हणाले. दुकानात मी शुद्ध मराठीत बोलत होते.

"ह्या मापाचो फ्री माझ्याकडे नाय. कोल्हापुरासून मागवतंय. पंधरा दिस लागतले. तवसर जुनीच चलांदे, काय बिघडणा नाय."

"आज चेन बसवा. फ्री आल्यावर तो बसवू."

"मास्तरांका विचारलंस?"

"त्यांनीच सांगितलंय," मी म्हणाले.

त्याने नवी चेन घातली. उतरवलेली जुनी त्याने माझ्या डब्यात दुसरीच्या शेजारी नीट वळवून ठेवली. मी म्हटलं, दोन्ही तुम्हीच ठेवा. त्याने डबा परत माझ्या हातात दिला. "नको. मास्तर मागतले."

घरी आल्यावर मी डबा माझ्या ट्रंकेत, कोर्सच्या पुस्तकांखाली ठेवला.

बाबांना सायकल दारातच कळली. त्यांनी चेन बोटाने उचलून पाहिली. रागावले नाहीत. "बरी आसा," म्हणाले. "फ्री?"

"येणार आहे. मागवलाय."

सोमवारी आम्ही फाटकाशी आवाज न करता पोचलो. कुणी मान वळवून पाहिलं नाही. मला हवं होतं ते तेवढंच.

संध्याकाळी बाबा हसत सांगत होते, पोरांना ते आल्याचं कळलंच नाही, वर्गात कुस्ती चालली होती. पण पुढचंही त्यांनी सांगितलं. चढणीवर चेन दोनदा सरकली, म्हणून उतरून सायकल हाताने ढकलत नेली आणि शाळेला दहा मिनिटं उशीर झाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. हे सांगताना ते हसले नाहीत. मग पडवीत गेले, फळीवर हात फिरवला आणि परत आले.

"डबो खंय आसा गो? फ्री येयसर जुनीच चेन घालतंय."

मी वह्या तपासत होते. मान वर केली नाही. "त्या दुकानातच राहिल्या. त्याने भंगारात घातल्या असतील."

"दोनय?"

"हो."

ते पडवीकडे वळले. "बरा," म्हणाले.

ट्रंक माझ्यापासून दोन हातांवर होती. झाकण उघडून डबा द्यायचा आणि ओशाळं हसायचं, एवढंच करायचं होतं. पण जुनी चेन बसली असती तर दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कट्-कट् करत फाटकाशी उतरले असते. बक्षीस समारंभाचे पाहुणे गेले होते, तरी बोट म्हणणाऱ्या बाई होत्या. मी पुढची वही घेतली.

मंगळवारी त्यांनी मला सोडलं आणि ते गेले. दुसऱ्या दिवशीही उशीर नको म्हणून चढणीवर ते उतरले नसावेत. उभं राहून पायडल मारलं आणि चेन सरकली. रस्त्याकडेच्या मोरीच्या दगडावर ते पडले आणि त्यांची शुद्ध गेली. शाळा तिथून ऐकू येण्याइतक्या अंतरावर होती. जुनी चेन असती तर मुलांनी आवाज येताना ऐकला असता, अर्ध्यात थांबलेला ऐकला असता, आणि कुणीतरी धावत बघायला आलं असतं. मुलांना काही ऐकू आलं नाही. मास्तर आज येत नाहीत असं समजून ती दुसऱ्या वाटेने घरी गेली. बाबा तासाभराने एका बैलगाडीवाल्याला दिसले.

दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "माझोच तोल गेलो." मी उशाशी बसलेली असायचे. दुकानदारही आला. माझ्याकडे बघून, मग बाबांकडे बघून, शहाळं ठेवून गेला.

पाय आखूड राहिला. शाळेवर दुसरे मास्तर आले. फ्री सांगितल्याप्रमाणे पंधरा दिवसांनी आला आणि पुढचं चक्रही. तिन्ही नवीन बसल्यावर सायकल पाण्यासारखी चालू लागली. बाबांनी ती नव्या मास्तरांना देऊन टाकली. "उत्तम चलता," असं ते मास्तर कधी भेटले की सांगत, आणि बाबा मनापासून "बरा झाला" म्हणत. मीही चालतच शाळेत जाऊ लागले. कुणी हसलं नाही.

पुढची वर्षं बाबांनी पडवीत बसून काढली. अमावास्येला आईला विचारायचे, "आज अमाशा मगे?" मग दाराच्या बिजागऱ्यांना पिसाने तेल लावायचे. मी तेवढा वेळ स्वयंपाकघरात काम काढायची.

ते वाचायला माझ्याकडून पुस्तकं मागून घेत. एकदा मी ट्रंकेतलं एक पुस्तक काढून दिलं. चार दिवसांनी त्यांनी ते परत केलं तेव्हा शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. त्यावर तपकिरी डाग होता, डब्याच्या काठाच्या आकाराचा. मी काही बोलायच्या आत त्यांनी पान नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"पुस्तकांका तेल लागता गो, बाय," ते म्हणाले. "वर ठेय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते मी सांगायची वाट पाहत होते की सांगू नये म्हणून मला वाचवत होते, ते मला आजही ठरवता येत नाही. मी पुस्तकं वर फळीवर ठेवली. डबा तिथेच राहू दिला. त्यानंतर ते चार वर्षं जगले आणि मी चार वर्षं बोलले नाही.

ट्रंक माझ्या खोलीत आहे. तळाशी बिस्किटांचा डबा आहे. त्यात दोन चेन आहेत. काल मी फूटपट्टी लावून पाहिली. दोन्ही सारख्याच झिजल्या आहेत.