तबकडीतले बांगडे

मालवणपासून तोंडवलीपर्यंतच्या साऱ्या किनाऱ्यावर इंग्रजी खऱ्या अर्थानं एकाच माणसाला कळतं, असं आमच्या वाडीचं ठाम मत होतं, आणि तो माणूस म्हणजे माझ्या बाबांचे मामा, माझे आजोबा. मी बेळगावला कॉन्व्हेंटात शिकत होते हे सगळ्यांना माहीत होतं. पण मी चारचौघांत तोंडच उघडत नसे, त्यामुळे माझं इंग्रजी कुणी हिशेबात धरत नव्हतं. आजोबांची ही कीर्ती त्यांनी स्वतः पसरवली नव्हती. ते काम त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या आजीचं. विहिरीवर, मासळीच्या बाजारात, जिथे दोन बायका भेटतील तिथे ती सांगे, "आमच्या ह्यांका सायबाची भाषा येता. सायब एखादो शब्द इसारलो तर हेंकाच इचारी." तिला स्वतःला सही करता येत नव्हती. नवऱ्याचं इंग्रजी हा तिचा एकुलता एक दागिना होता, आणि तो ती रोज घालत असे.

आजोबा पुण्याच्या कँपात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बावीस वर्षं बटलर होते. साहेब गेला, पण आजोबांच्या अंगातून बंगला गेला नाही. गावी ते पंचा नेसत, पण पेज वाढायची तर डाव्या बाजूनंच वाढत. केळीचं पान ताटाखाली अंथरण्याआधी त्याची रुमालासारखी घडी घालून पाहत, आणि ते दर वेळी फाटलं की पानाच्या संस्कारांना दोष देत. म्हशीचं दूध काढून झालं की तिच्या पाठीवर थाप मारून "थँक्यू" म्हणत. कोंबड्यांना ते "लेडीज" म्हणत आणि कोंबड्याला काहीच म्हणत नसत, कारण त्याचं वागणं त्यांना पसंत नव्हतं. एकदा आमच्याकडे तालुक्याचे कुणी अंमलदार आले असताना आजोबांनी दारात उभं राहून त्यांची टोपी मागितली. अंमलदारांनी गांधीटोपी काढून दिली, आणि जाताना ती परत मागायचं धैर्य त्यांना बराच वेळ झालं नाही.

साहेबाच्या मॅडमनी जाताना त्यांना चावीचा ग्रामोफोन दिला होता आणि एक तबकडी. एकच. ती इतकी जुनी होती की गाणं तिच्या एकाच बाजूला होतं, दुसरी बाजू सपाट कोरी. "ती बाजू आयकणाऱ्यासाठी सोडलेली आसा," असं आजोबा सांगत. राणीच्या काळातल्या एका इंग्रज कवीची कविता कुणीतरी चालीवर बसवली होती आणि कुणी एक भरदार आवाजाचा माणूस पियानोच्या साथीनं ती म्हणत होता. आजोबा कवीला "कवीसायब" म्हणत. कवीसायबाला नाश्त्याला अर्धी उकडलेली अंडी लागत, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी हळूच म्हटलं, की हे कवी तुमच्या जन्माआधीच वारले. आजोबा शांतपणे म्हणाले, "मेलो म्हणान काय झाला? सायबांच्यो सवयी बदलनत नाय." सुया मिळेनाशा झाल्या तेव्हा ते जुन्याच सुया पाट्यावर घासून वापरत. एकदा सुईऐवजी त्यांनी शिंगाळा माशाचा काटा वाळवून बसवला. गायकाला पडसं झाल्यासारखा आवाज आला आणि वाडीतली तीन मांजरं भोंग्यासमोर येऊन बसली.

दर रविवारी चार वाजता आजोबांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मैफल भरे. पुरुष समोर सारवलेल्या जमिनीवर, बायका पडवीच्या कडेला आणि आजी माजघराच्या दाराआड. चावी भरायच्या आधी आजोबा हात जोडून चक्क गाऱ्हाणं घालत. "बा देवा म्हाराजा, हो जो सायबाचो आवाज आज आमी बाहेर काढतंव, तेका खरखर लागान देव नको रे म्हाराजा," आणि सगळे एकसुरात "व्हय म्हाराजा" म्हणत. मग गाणं होई, आणि मग ज्याच्यासाठी सगळे येत ते, म्हणजे अर्थ. हा अर्थ समोर कोण बसलंय ते पाहून बदले. आंबेवाले असले तर गाण्यात मोहोर गळे. ख्रिस्तावांच्या वाडीतली मंडळी आली की त्यात मेरीमाय येऊन जाई. मी पडवीच्या खांबाला टेकून हे ऐकत असे आणि मला घाम फुटे. कारण गाण्यात यातलं काहीच नव्हतं, आणि ते ठाऊक असलेली वाडीत मी एकटीच होते.

एका डिसेंबरात मी नाताळच्या सुट्टीत आले तेव्हा प्रकरण तापलेलं होतं. रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढणाऱ्यांचा पुढारी जनू याला आजोबांनी आदल्या महिन्यात गाण्याचा अर्थ सांगितला होता, की अमावास्येला बांगडा काठाला लागेल. जनूनं अमावास्येला रापण घातली. पन्नास माणसांनी सकाळभर दोर ओढले आणि जाळ्यात आलं शेवाळ. त्या रविवारी तबकडी थांबल्यावर जनू उठला, पण आजोबांकडे न पाहता माझ्याकडे वळला.

"बाय, तू शिकलंस. खरा सांग. ह्या गाण्यात बांगडे आसत काय?"

खळ्यातले सगळे चेहरे माझ्याकडे फिरले. वर्गात उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नव्हता. आजोबा भोंगा पुसत होते. तो स्वच्छ होता, तरी पुसत होते. दाराआड आजीच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता. माझ्या एका शब्दानं तिचा दागिना खोटा ठरणार होता, तोही तिच्याच खळ्यात.

"आहेत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "पण कधी येणार, ते गाण्यात सांगितलेलं नाही."

"मगे अमाशेचा कोणी सांगल्यान?" जनूनं आजोबांना विचारलं.

"ता माझा गणित," आजोबा म्हणाले. "गणितात चूक जाता. इंग्लिशात नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून चहा दिला. कपबशीत, डाव्या बाजूनं. मग स्वतः समोर न बसता साहेबापुढे उभं राहावं तसे उभे राहिले. "बाय, खरा काय आसा तेच्यात? मॅडम आयकान रडत. माका वाटे, घोवाबायलेचा भांडाण आसतला."

मी सांगितलं. एका माणसाची बायको वारली आहे. तो तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून तिला घरातल्या बातम्या सांगतो. गाय व्याली. कुंपण मोडलं होतं ते बांधलं. तुझी बहीण येऊन गेली.

"मगे?"

"मग काही नाही. एवढंच आहे."

आजोबांनी मान वळवून आत पाहिलं. आजी चुलीपाशी फुंकर घालत होती. माझा कप रिकामा झालाय हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि असं त्यांच्या हातून कधी होत नसे.

पुढच्या रविवारी गाणं संपल्यावर आजोबांनी खरा अर्थ सांगितला. जसाच्या तसा. खळ्यात कुणाचेच डोळे मॅडमसारखे ओले झाले नाहीत.

"गाय व्याली, बरा," जनू म्हणाला. "तेचा गाणा कित्याक?"

"आणि बांगडे?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाय," आजोबा म्हणाले. "बांगडे नाय. कधीच नव्हते."

लोक उठले. फाटकापाशी जनूनं हळहळत म्हटलेलं मी ऐकलं, "बटलर म्हातारो झालो रे. इंग्लिश इसारलो." त्याला माझं 'आहेत' पक्कं आठवत होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी कुणीही आलं नाही. माझी सुट्टीही संपत आली होती. चार वाजले, साडेचार वाजले. आजोबांनी तरीही चावी भरली. गाणं सुरू झालं तेव्हा आजी दाराआडून बाहेर आली, पदरानं जमीन झाडून खळ्यात अगदी भोंग्यासमोर बसली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच तिथे बसत होती. पुरुषच नव्हते, मग आड कशाला राहायचं.

गाणं संपलं. खरखर काही वेळ चालू राहिली. मला भीती वाटली, की आता ती विचारील, तुम्ही इंग्रजी खरंच विसरलात का.

"अवो," ती म्हणाली, "त्या गायीक काय झाला? पाडी काय पाडो?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. गाण्यात हे नव्हतं. कवीला ते सांगायचं सुचलं नव्हतं किंवा गरजेचं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं आजोबांच्या अर्थांनी मला घाम फुटत आला होता.

"पाडी," मी म्हणाले. "तांबडी. कपाळावर पांढरा ठिपका."

आजीनं समाधानानं मान हलवली. आजोबा सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवत होते.