ताकदीचं इंजेक्शन

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीतल्या माझ्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो होतो. उंब्रजच्या तालमीत जोर मारताना छातीत कळ आली आणि कराडला नेईपर्यंत सगळं संपलं. वय अडतीस. हृदय फार वाढलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते का वाढलं असावं, याचा अंदाज मला फोन ठेवतानाच आला होता...

आम्ही शाळेपासूनचे दोस्त. तो पैलवान, मी काडी. मला कुणी छेडलं की विलास नुसता शेजारी येऊन उभा राहायचा, तेवढं पुरायचं. लग्नाला पाच वर्षं होऊनही मूल नाही म्हटल्यावर, गावात बोभाटा नको म्हणून तो माझ्याकडे आला. त्याचा नमुना मी तीनदा तपासला. काचेवर एकही शुक्राणू नव्हता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, अंग भरावं म्हणून गडी पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं घेत होता. "मर्दाचंच औषध हाय की गड्या, त्यानं कमी कसं हुईल?" असं त्यानं मलाच विचारलं.

मी कागदावर आकृती काढून समजावलं. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी वृषणाला दोन निरोप धाडते. एका निरोपावर तिथल्या पेशी जागच्या जागी पुरुषी हार्मोन बनवतात. दुसरा जातो सर्टोली पेशींना. त्या दाईसारख्या. वाढत्या शुक्राणूला धरून ठेवतात, पोसतात, तयार झाला की सोडतात. बाहेरून हार्मोन टोचलं की पियूषिकेला वाटतं, भरपूर आहे, आणि ती दोन्ही निरोप बंद करते. मग रक्तात हार्मोन उतू जातं आणि वृषणात दुष्काळ. दाया जागेवर असतात, पण त्यांना हुकूमच येत नाही. "सुई थांबव," मी म्हणालो, "तिनं हृदयही वाढतं. शुक्राणूंचं म्हणशील तर बहुतेकांचं काही महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत परत सुरू होतं." त्यानं थांबवली. दोन महिन्यांत अंग उतरलं, तालमीत पोरं हसली आणि सुई पुन्हा सुरू झाली. बायकोला, सुनीताला, सांगायचं नाही, एवढं वचन मात्र त्यानं माझ्याकडून घेतलं, आणि मी मोठ्या इमानानं पाळलं.

सुनीतावहिनीला बारशाची बोलावणी येईनाशी झाली. सासू चारचौघांत वांझ म्हणायची, विलास मान खाली घालून जेवायचा. एकदा मीही त्या पंगतीत होतो. भात कालवत राहिलो. विलासवर माझा राग आहे, पण त्याहून जास्त स्वतःवर आहे.

विलासचा महिना घातल्यावर मी तो जुना रिपोर्ट घेऊन उंब्रजला गेलो आणि वहिनीला सगळं सांगितलं.  तिनं उठून फडताळातून प्लास्टिकचा डबा आणला. आत सिरिंजा, कापूस आणि औषधाच्या तीन न फोडलेल्या बाटल्या.

"ताकदीचं हाय म्हनायचे. मागं त्यांचा हात पोचायचा न्हाई. दर आयतवारी मीच टोचायची."

 मी रिपोर्टची घडी घातली आणि विचारलं, "वहिनी, हे सगळं पेपरात लिहू का? तुमचा दोष नव्हता, एवढं तरी लोकांना कळू दे."

"ल्ह्या भावजी," डबा मिटत ती म्हणाली. "आत्याबाईंना मी सोता वाचून दावते. पन सुई कोन टोचत हुतं, ते बी ल्ह्या."