जब्बारमामू आणि नांदेडचं मशीन

माझ्या लग्नात जेवणाच्या पंगती बसल्या होत्या आणि आमचे जब्बारमामू स्टुलावर चढून मांडवातल्या पंख्याचा नट आवळत होते. मंडपवाला खालून ओरडत होता, "अहो चाचा, पक्का बसवलाय मी!" मामू वरूनच म्हणाले, "बसवला असशील बाबा. पाव फेरा अजून दिला तर तुझं काय जातंय?" सासरची मंडळी बघतच राहिली. मी आपला फेटा सांभाळत हसत होतो, कारण आमच्या लातूरच्या एमआयडीसीत हा प्रकार कुणाला नवा नव्हता. टपरीवरचं बाकडं असो की आमच्या कारखान्याचं फाटक, नट दिसला की मामूंच्या खिशातला पाना बाहेर यायचा.

ही सवय भूकंपानंतरची. त्यांची बहीण औसा तालुक्यातल्या एका खेड्यात दिली होती. त्या पहाटे घराचं माळवद खाली आलं आणि बहीण, मेहुणा दोघंही गेले. मामूंनी आपल्या हातांनी दगड उपसले. आठवड्यानं कामावर आले ते प्रत्येक मशीनचे पायाचे बोल्ट आवळत फिरले. तेव्हापासून हाती येईल त्या नटाला पाव फेरा जास्त. "भरवसा कशाचाच न्हाई भैय्या," एवढंच म्हणायचे. माझ्या वडिलांनी त्यांना कधी टोकलं नाही आणि वडिलांमागे कारखाना माझ्याकडे आल्यावर मीही टोकलं नाही.

मामू आमचं आडवं बोरिंग मशीन चालवायचे. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, खोकी आमच्याकडे यायची. खोक्याच्या समोरासमोरच्या भिंतींत दोन भोकं पाडायची आणि ती एका रेषेत आली पाहिजेत, नाहीतर आतला दांडा फिरतच नाही. मामू टेबल हातानं फिरवायचे, डायलचा काटा बघायचे, पुन्हा केसभर सरकवायचे. दिवसाला चार खोकी. पाचवं मागितलं की म्हणायचे, "आज करीन की. पन मग बरोबर हाय का म्हणून मला इचारू नका."

आणि एके दिवशी ट्रॅक्टर कंपनीनं रोजची वीस खोकी मागितली. महिन्याभरात द्या, नाहीतर काम दुसरीकडे जाईल, असं स्पष्ट कळवलं. आमच्याकडे दुसरं मोठं काम नव्हतं. हे गेलं की फाटकाला कुलूप आणि अठरा माणसं घरी. माझी झोप उडाली होती.

तेवढ्यात खबर लागली की नांदेडच्या एमआयडीसीत एका बंद कारखान्यातलं हॉरिझॉन्टल मशीनिंग सेंटर विकायला निघालंय. ह्या मशीनला खोकं एकदा बांधलं की टेबल आपोआप फिरतं, हत्यारं आपोआप बदलतात, चारी बाजूंचं काम एका बांधणीत होतं. पण जुनं मशीन म्हणजे झाकली मूठ. कुणीतरी जाणत्यानं पारखून घ्यायला हवं होतं आणि मामूंशिवाय जाणता होता कोण? मशीन चांगलं निघालं तर मामूंचं बोरिंग मशीन भंगारात जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्यात त्यांची धाकटी शाहीन बारावीला. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, हदगाव-किनवटकडून आईबाप ट्रंका घेऊन पोरांना सोडायला यायचे. त्या गर्दीत आपली पोरगी मागं पडू नये म्हणून मामू जिवाचं रान करत होते. ज्याच्या गळ्यावर सुरी चालणार, त्यालाच मी धार बघायला घेऊन चाललो होतो.

मे महिना. पहाटे निघालो, लोह्याला चहा घेतला, साडेनऊला नांदेड. टेम्पोत आमची चार खोकी होती. दलाल फाटकातच उभा. "संध्याकाळी पाचला दुसरी पार्टी येणार आहे. त्याच्या आत हो की नाही सांगा." त्यानं ऐटीत स्वतःचा नमुन्याचा चकचकीत तुकडा मशीनवर चढवायला काढला. मामूंनी तो बाजूला सारला. "ह्याच्यावर तर तुमचं मशीन नाचतंच की. आमचं खडबडीत बीड कापून दावा."

दलालाच्या ऑपरेटरनं पहिलं खोकं बांधलं. एका बाजूनं भोक पडलं, टेबल अर्धा फेरा फिरलं, दुसऱ्या बाजूनं पडलं. खोकं सोडून उभं केलं आणि मामूंनी लातुराहून आणलेला मँड्रेल त्यात सोडला. मँड्रेल म्हणजे घासून तंतोतंत केलेला पोलादी दांडा. दोन्ही भोकं एका रेषेत असली तर तो आपल्या वजनानं उतरतो, नसली तर दुसऱ्या भोकाच्या तोंडाशी अडतो. दांडा सरकन खाली उतरला. मी टाळीच वाजवली. दलालानं हात पुढं केला. मामू म्हणाले, "सकाळी समदेच गुणाचे असतात. उन्हानं लोखंड फुगू द्या. दोन वाजू द्या."

दोन वाजले. पत्र्याखाली भट्टी पेटली होती. ऑपरेटर जेवायला गेलेला, म्हणून दुसरं खोकं मामूंनी स्वतः बांधलं. काम झालं, खोकं सोडलं, दांडा आत टाकला आणि तो अडला. तिसरं खोकंही मामूंनीच बांधलं. दांडा पुन्हा अडला. मामूंनी तो बाहेर काढला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "न्हाई जमत, भैय्या. तापल्यावर टेबल दगा देऊन राहिलं."

दलाल खवळला. "म्हातारा मुद्दाम करून राहिला! मशीन आलं की ह्याची सुट्टी, एवढं कळत नाही तुम्हाला?"

आणि मी, ज्याला ह्या माणसानं व्हर्नियर धरायला शिकवलं, तो मी काय बोललो? "मामू, खरं सांगा. नोकरी वाचवायला मशीन फेल करताय ना?"

आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मामूंनी पाना खिशात टाकला. अंगणातल्या नळावर गेले, तोंडावर पाणी मारलं, बराच वेळ तिथंच ओणवे राहिले. परत आले ते सरळ टेम्पोकडे. "चौथं खोकं हाय नव्हं?"

"राहू द्या आता," मी म्हणालो. तीन वाजून गेले होते.

"एक घडी थांबा."

त्यांनी चौथं खोकं बांधलं, नेहमीसारखं, कचकचून. मग मशीन सुरू न करता खोक्याच्या भिंतीला डायल लावला आणि एक नट ढिला केला. काटा सरकला. नट आवळला, काटा परत आला. तीनदा त्यांनी तेच केलं. आमच्या जुन्या मशीनवर खोक्याला खालून सगळीकडं टेकू असायचा, तिथं जास्तीचा ताण खपून जायचा. इथं ते तीनच टेकूंवर उभं होतं, चौथा कोपरा अधांतरी. आवळलं की खोकं पिळायचं, पिळलेल्या खोक्यात भोक सरळ पडायचं, आणि सोडलं की खोकं मूळ जागी येऊन भोक तिरकं व्हायचं.

"मशीन खोटं न्हाई," मामू म्हणाले. "माझा हात खोटा हाय. तो पाव फेरा."

मामूंनी पाना मुठीत न धरता चिमटीत धरला आणि चारही नट बेताबेतानं बसवले. भूकंपानंतरच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नट जिथं थांबला तिथं सोडला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, बाहेर ऊन मी म्हणतंय. पहिलं भोक. टेबल फिरलं. दुसरं भोक. खोकं सोडलं. मामूंनी दांडा स्वतः टाकला नाही, माझ्या हातात दिला. "तुम्हीच टाका भैय्या. म्हंजी संशय नको."

दांडा उतरला.

"घ्या," मामू म्हणाले. "मशीन खरं हाय."

पाचच्या आत दलालाला हो सांगून आम्ही परत निघालो. माफी मागायला तीन तास होते. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मशीन लातूरला आलं. त्याच्या पायाची पातळी मामूंनीच तीन दिवस खपून साधली. नवं मशीन चालवायला मी पुण्याहून डिप्लोमावाला आणला आणि मामूंना म्हणालो, तुम्ही कोठी सांभाळा. ते म्हणाले, "चाव्या घेऊन बसायला मला न्हाई जमणार." त्याच आठवड्यात काम सोडून गेले. मी अडवलं नाही. खरं तर मला सुटल्यासारखं झालं, कारण त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

पुढं त्यांनी क्लासच्या भागात शेड टाकून होस्टेलांसाठी लोखंडी पलंग बनवायला घेतले. दोन वर्षं मी त्या रस्त्यानं गेलो नाही. शेवटी एका दुपारी गेलो. मामू वेल्डिंग करत होते. काच वर करून हसले, चहा मागवला, शाहीन परभणीला शिकतेय म्हणाले. मी कसाबसा विषय काढला. "मामू, नांदेडला मी जे बोललो ते..."

"ते खोटं न्हवतं, भैय्या."

मी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला.

"दांडा अडकला ना, तवा मला लई बरं वाटलं. आतून थंडगार. म्हणलं, सुटलो, शाहीनचं बी निभलं. तेवढ्यात तुम्ही बोलले. मग नळावर गेलो आन् स्वतःला इचारलं, जब्बार, तुला पाहिजे होतं तेच निघालं न्हाई का? म्हंजी तू नीट मोजलंच नसशील. म्हणून परत मोजलं."

एवढं बोलून त्यांनी काच खाली ओढली आणि पलंगाचा पाय जोडायला घेतला. मामूंना जाऊन आता तीन वर्षं झाली. आमचं मशीन अजून चालतं, रोज वीसच्या वर खोकी देतं, अठराची सव्वीस माणसं झाली. आणि मला राहून राहून एकच गोष्ट खाते. त्या दिवशी नांदेडला चौथ्या खोक्यात दांडा उतरला, तेव्हा माझ्याही मनासारखंच निघालं होतं. मी कुठं दुसऱ्यांदा मोजलं?