खाटेखालचा मिक्सर

उम्म हुसामनं खोक्याला बोट लावलं तेही करंगळीचं, जसं काही आत उंदीर मरून पडलाय.

"हा कुठल्या जमान्यातला मिक्सर, इन्शिराह?" ती म्हणाली. "आमच्या शेजारच्या सुनेनं परवा दोन हजार वॉटचा आणला. बर्फाचा चुरा करतो, चुरा! ट्रकवर सगळ्यात वर ठेवला होता. अख्ख्या गल्लीनं बघितला."

इन्शिराहच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर होणाऱ्या जावयाची आई, शेजारी खाली मान घालून बसलेली शुरूक, आणि पुढच्या शुक्रवारी पोरीचं रुखवत ट्रकवर चढायचं. तिनं ओठ आवळले आणि पेरूच्या रसाचा पेला पुढे सरकवला.

"घ्या ना. बर्फ नाही घातलेला," ती म्हणाली. एवढं तरी बोलल्याशिवाय तिला राहवेना.

उम्म हुसाम रस प्यायली, टॉवेल मोजले, पातेल्यांची बुडं वाजवून बघितली आणि जाताना जिन्यातून वर तोंड करून म्हणाली, "मिक्सरचं तेवढं बघा हं, विहीणबाई! लोक नावं ठेवतात."

दार लागलं आणि इन्शिराहनं तो पेला मोरीत असा आदळला की त्याच्या काठाचा टवका उडाला.

मन्सूरा शहरातल्या त्या गल्लीत इन्शिराहचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. सरकारी दवाखान्याच्या धुलाईखात्यात सव्वीस वर्षं काढलेली बाई. तिथल्या यंत्रांच्या घरघरीवर ओरडून बोलायची सवय, ती घरीही सुटली नाही. नवरा अब्दुश्शकूर गेला तेव्हा शुरूक आठ वर्षांची होती. त्यानंतर या बाईनं एकच गोष्ट केली: पोरीसाठी खोकी जमवली.

आता ते काही तिचं एकटीचं खूळ नव्हतं. पोरगी चालायला लागली की तिकडे सगळ्याच आया खोकी जमवायला लागतात. चादरी, पातेली, इस्त्री, काचेचे पेले. सगळं कोरं, सगळं चिकटपट्टीसकट. पट्टी सुटली की वस्तू वापरलेली झाली, आणि वापरलेली वस्तू रुखवतात गेली तर बापजन्मात तोंड दाखवायला जागा राहत नाही. बरं, सासरी गेल्यावर तरी खोकी उघडतात का? कसलं काय! निम्मं सामान काचेच्या कपाटात जाऊन बसतं आणि पाहुण्यांनी ते बाहेरून बघायचं. कुणी काढलं असेल हे, त्याला एकदा गाठून विचारायला हवं.

मिक्सर घेतला तेव्हा शुरूक तेरा वर्षांची होती. इन्शिराहची भिशी लागली होती. पाच दिवस दुकानं पालथी घालून, दुकानदारांचं डोकं खाऊन तिनं तो निवडला आणि खाटेखाली ढकलला. त्याच्यावर ती अकरा वर्षं झोपली.

आणि दर शुक्रवारी सकाळी, त्याच खाटेवरून उठून, स्वयंपाकघरातल्या टेबलाला आवळलेल्या खिमा करायच्या हातयंत्राचा दांडा फिरवत बसायची. सोललेला बाकला, म्हणजे वालासारखं जाड कडधान्य, रात्रभर भिजवलेला, त्यात शेपू, कोथिंबीर, कांद्याची पात, लसूण. हे सगळं यंत्रातून एकदा काढायचं आणि बारीक व्हावं म्हणून पुन्हा एकदा काढायचं. मग त्याचे वडे. तिच्या या वड्यांचा, तअमियाचा, वास जिन्यात गेला की चारही मजल्यांवरची दारं उघडत. सगळ्यांना पुरतील एवढे वडे करायचे तर तास-दीड तास दांडा फिरवावा लागे. मागच्या चार वर्षांत तर उजवा हात डोक्यापर्यंत जाईना. रुमाल बांधायचा तर शुरूकला हाक मारावी लागे.

"आई, खाली मिक्सर पडलाय," शुरूक म्हणायची.

"हात लावून बघ, तंगडी मोडीन. तो तुझा आहे."

"माझाच आहे ना? मग मी म्हणते, काढ."

"तुझा म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या घरातला तुझा. गप बस, कोथिंबीर निवड."

असा तो मिक्सर. आणि त्याला ती बया करंगळी लावून गेली.

शनिवारी सकाळी मायलेकी बाजारात निघाल्या. इन्शिराहच्या पिशवीत एक डबा होता आणि डब्यात भिजवलेला बाकला, हिरवा मसाला घालून तयार.

"आई, हे कशाला?"

"घोडा घ्यायचा तर पळवून बघतात ना? मग!"

पहिल्या दुकानातला विक्रेता टक्कल पडलेला, टाय लावलेला. त्यानं दोन हजार वॉटचा मिक्सर पुढे ओढला. काळा, चकाकणारा, बटणांखाली निळे दिवे. झाकण उघडून त्यानं बर्फाचे खडे टाकले. धडधड, खडखड, आणि बर्फाचा भुगा झाला. "माशाल्ला म्हणा, हाज्जा! दृष्ट लागेल."

"बर्फ काय वऱ्हाडाला खायला घालू?" इन्शिराहनं डबा काढला. "हे वाट. पाण्याचा थेंब घालायचा नाही."

विक्रेत्याचा चेहरा पडला. पण चार गिऱ्हाइकं बघत होती. त्यानं थोडा बाकला ओतला, बटण दाबलं. तळाशी थोडं दळलं गेलं आणि पातं पोकळीत गरगर फिरत बसलं. वरचा बाकला ढिम्म हलेना. त्यानं भांडं हलवलं, आपटलं. मग हळूच, तिची पाठ वळली आहे असं समजून, पेल्यातलं पाणी आत सोडलं.

"अरे ए!" इन्शिराह अशी ओरडली की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. "पाणी घालतोस? मला फसवतोस? पाणी घातलं की वडा तेलात विरघळतो, माहितीये का तुला? तुझ्या बायकोनं कधी तअमिया केला नाही का घरी?"

"हाज्जा, दोन हजार वॉट आहे..."

"वॉट घाल चुलीत! मला वॉट तळायचे नाहीत!"

शुरूकनं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. पण बाई आता पेटली होती. दुसऱ्या दुकानात मोटरमधून जळका वास आला. तिसऱ्या दुकानात मालकानं खोकं उघडायलाच नकार दिला. "उघडलं की ते विकलं जात नाही, हाज्जा. लग्नासाठी कोण घेईल?" त्याला ती जे बोलली ते शुरूकनं कान झाकून ऐकलं.

चौथं दुकान अरुंद, जुन्या यंत्रांनी भरलेलं. विकण्यापेक्षा दुरुस्तीच जास्त. सोब्ही नावाचा म्हातारा मालक चष्मा कपाळावर चढवून बसला होता. त्यानं डब्यातला बाकला बोटांत चुरून बघितला.

"कोरडा वाटायचाय?"

"मग काय सरबत करायचंय?"

"खोक्यावरचे वॉट सोडा हो. मोटर अडली की किती वीज खाते तेवढंच ते सांगतात. जड माल ओढायची ताकद हवी, भांडं तळाशी अरुंद हवं, आणि वरून रेटायला दांडा हवा." तो थांबला. "घरी सध्या काय आहे?"

इन्शिराहनं कंपनीचं नाव सांगितलं. खोक्यावरचा आकडाही सांगितला. तो तिला पाठ होता. अकरा वर्षं झाडू मारताना वाचलेला.

म्हाताऱ्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. "तो? अहो, तसली मोटर आता कुणी घालत नाही. तो बाजारात असता तर मी तुम्हाला डोळे मिटून तोच दिला असता. बिघडला काय?"

"नाही."

"मग कसा चालतो?"

इन्शिराहनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. शुरूकच बोलली, "माहीत नाही, चाचा. अजून खोक्यातच आहे."

"किती दिवस?"

"अकरा वर्षं."

म्हातारा हसला नाही. हसला असता तर इन्शिराहनं डबा त्याच्या डोक्यात घातला असता. त्यानं खण उघडून एक रबराची कडी काढली. "न वापरता पडून राहिलं की रबर वाळतं, चिरतं. ही बदला. बाकी काही घेऊ नका."

चार दुकानं फिरून, गल्लीभर आरडाओरडा करून, बाई एक रबराची कडी घेऊन घरी आली.

घरी आल्यावर तिनं चपलाही काढल्या नाहीत. वाकली, खाटेखालून खोकं ओढलं आणि सुरी आणली.

"आई, उघडलंस तर मग ते वापरलेलं..."

"माहितीये मला!"

पट्टी पिवळी पडून चिवट झाली होती. आत थर्माकोल, प्लास्टिक, आणि दोन वर्षांचं वॉरंटी कार्ड, कोरं. रबराची कडी खरंच चिरली होती. तिनं नवी बसवली. डब्यातला उरलेला बाकला भांड्यात ओतला, खोक्यातल्या दांड्यानं रेटला आणि बटण दाबलं.

मिक्सर खर्जात गुरगुरला. बाकला वरून खाली, खालून वर फिरत राहिला. शुरूक मनातल्या मनात मोजत होती. पन्नासही झाले नसतील, इन्शिराहनं बंद केलं. बोटावर घेऊन बघितलं. बारीक, हिरवं, कोरडं. दोनदा यंत्रातून काढूनही इतकं बारीक कधी झालं नव्हतं.

ती खुर्चीत बसली. टेबलाच्या कडेला ते हातयंत्र होतं, दांडा तिच्या मुठीनं झिजून गुळगुळीत झालेला.

"रडतेस, आई?"

"रडत नाहीये! संतापलेय!" ती किंचाळली. "एक मिनिट! एका मिनिटाचं काम! कुणी सांगितलं होतं मला? बाप गेला तुझा, कुणाचा धाक होता घरात? चार वर्षं मला माझा रुमाल बांधता येत नाही, आणि हा मेला माझ्या पाठीखाली झोपलाय! अकरा वर्षं मी याची राखण केली. कुत्र्यानं करावी तशी!"

शुरूकनं तिचा उजवा खांदा दोन्ही हातांनी धरला. "हा तुझा. मला नको."

"तुझ्या बापालाही देत नाही मी आता," इन्शिराह म्हणाली, आणि उठून तेल तापत ठेवलं.

शुक्रवारी दुपारी ट्रक आला. ढोलवाले आले, बायकांनी उलूलू करून गल्ली डोक्यावर घेतली. उम्म हुसाम नवा कोरा झगा घालून ट्रकशी उभी होती; चढणारं प्रत्येक खोकं तिच्या नजरेखालून जात होतं. तिसऱ्या खोक्याला तिचा चेहरा बदलला.

"इन्शिराह, हे उघडं आहे."

"हो."

"हेही उघडं. अगं, सगळ्यांच्या पट्ट्या कापलेल्यात!"

"सकाळी बसून मीच कापल्या. एकूण एक."

ढोल थांबला. वरच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या. उम्म हुसाम आवाज दाबून, पण दात खाऊन म्हणाली, "लोकांसमोर माझं नाक कापतेस? वापरलेलं सामान पाठवतेस?"

"वापरलेलं नाही, वापरायचं सामान पाठवतेय!" इन्शिराहनं आवाज मुळीच दाबला नाही, धुलाईखात्यातला आवाज तो. "पेल्यांतून पाणी प्यायचं, चादरीवर झोपायचं. एक वस्तू जरी तुमच्या काचेच्या कपाटात दिसली ना, तर मी स्वतः येऊन काच फोडीन. आणि मिक्सर येणार नाही. तो माझा आहे. तुमच्या सुनेला बर्फ फोडायचा असेल तर हातोडी ठेवलीय पातेल्यात."

कुणीतरी वरून हसलं. शुरूकनं ओठ चावले. आता काय होतंय म्हणून सगळी गल्ली उम्म हुसामकडे बघत राहिली.

उम्म हुसाम उघड्या खोक्यातल्या चहाच्या कपांकडे बघत होती. कडेला सोनेरी रेघ असलेले कप. तिनं एक उचलला, उलटा करून बघितला आणि पुन्हा ठेवला.

"माझेही असेच आहेत," ती म्हणाली. आवाज एकदम उतरला होता. "माहेरचे. अठ्ठावीस वर्षं कपाटात आहेत. ज्यांनी आणले ते माझे बाबा वारले, त्यांनाही कधी त्यात चहा दिला नाही."

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. इन्शिराहचा राग इतका स्वस्त नव्हता.

"मग आज काढा!" ती ओरडली. "पोरीचं घर लावून झालं की मी तुमच्याकडे चहाला येतेय. त्याच कपांत हवाय. आणि मला साखर चार चमचे."

ती ट्रकच्या पुढच्या सीटवर चढली, डाव्या हातानं दार आपटलं आणि ढोलवाल्याला म्हणाली, "बघतोयस काय माझ्या तोंडाकडे? वाजव!"