सुजलेला गाल

लातूरचा वेगळा जिल्हा व्हायला तेव्हा अवकाश होता, पण उदगीरच्या आमच्या घरात कायदा होता आणि तो उष्ट्याचा होता. तांब्याला कुणाचे ओठ लागले की आई उरलेलं पाणी अंगणात ओतून द्यायची. दुष्काळातसुद्धा. मी नौदलात अधिकारी झालो, तरी घरी पाणी वरूनच प्यायचो.

लढाईवर निघताना ती एवढंच म्हणाली, "काई बी होऊ दे, गळ्यातलं इष्टलिंग अंगावेगळं करू नको." आम्हा लिंगायतांत ते लहानपणी बांधतात ते मरेपर्यंत.

आमची बोट बुडाली. शत्रूने मला समुद्रातून उचललं, जुना सलवार-कुडता दिला आणि कैद्यांच्या छावणीत नेलं. दारात झडती चालली होती. पुढच्याच्या गळ्यातला ताईत ओरबाडलेला पाहिला आणि मी गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग काढून गालात कोंबलं. चांदीची रिकामी डबी त्यांनी नेली. नेली तर नेली.

"दाढ सूज गई क्या?" शिपायाने विचारलं. मी मान हलवली. आता झडती रोजच होई, त्यामुळे गाल उतरेना, उतरणार कसा! शेवटी मला गावातल्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे गर्दी. शिपाई बिडी ओढायला बाहेर गेला आणि मी मागच्या दाराने बाजारात. वाटेत कुणी हटकलं की उर्दूत उत्तर द्यायचो. निजामाच्या काळातल्या शाळेची कृपा. दख्खनी हेल होता, तो सुजलेल्या गालात लपला. असाच सरहद्द ओलांडून आलो.

सुट्टीवर घरी पोचलो तर आई दारातच उभी. आधी गळ्याकडे पाहिलं.

"हाय का?"

"हाय." मी गळ्यात बांधलेला रुमाल सोडून दाखवलं.

"मग डबी कुठंय?"

आता सांगणं भाग होतं. सरहद्दीवर भ्यालो नव्हतो इतका तिथे भ्यालो. उष्टं झालं म्हणाली असती, तर ते पुन्हा गळ्यात बांधता आलं नसतं. सगळं सांगून मी खाली मान घालून बसलो.



"लिंगाला उष्टं लागत न्हाई बाबा," ती म्हणाली. "मठातल्या जंगमाला इचार की." मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आन त्या डाक्टरनं उपटलं असतं म्हंजे?"

मला इतका आनंद झाला, की समोरचा तांब्या उचलून घटाघटा प्यालो. तोंड लावून. लक्षात आलं तोवर आईचा हात पुढे आला होता. अंगण दोन पावलांवर होतं. तिने तांब्या घेतला, तसाच ओठांना लावला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.